आलेखांना गती देणारे जॉन हंटर

अपस्माराचे काही रुग्ण औषधांना दाद देत नाहीत. अशांपैकी काहींसाठी शस्त्रक्रियेचा मार्ग उरतो. मात्र झटका मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात उगम पावतो, हे शल्यविशारदाला आधी कळावे लागते. त्यासाठी थेट मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवून विद्युतलहरींची नोंद घेतली जाते. या लहरी पडद्यावर स्पष्ट उमटाव्यात, या गरजेतून ‘मॅटप्लॉटलिब’ हे आज जगभरातील शास्त्रज्ञांच्या हाताशी असलेले आलेख-साधन जन्मास आले. जॉन हंटर हे त्याचे जनक.

१९६८ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात जन्मलेल्या हंटर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातून पदवी घेतली आणि शिकागो विद्यापीठात चेताजीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तेथे अपस्मारावर संशोधन करणाऱ्या चमूची अडचण विचित्र होती. लहरींचे विश्लेषण करणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना एकच. तो संगणकाला जोडावयाच्या एका छोट्या ‘डाँगल’मध्ये बंदिस्त होता आणि डॉक्टर, संशोधक व विद्यार्थी अशा साऱ्यांना तो आळीपाळीने वापरावा लागे. हंटर यांनी प्रथम ‘मॅटलॅब’ या गणिती संगणकभाषेत पर्याय उभा केला. परंतु माहितीसाठ्यांशी आणि सर्व्हरशी संवाद साधण्याची वेळ आली तेव्हा ती भाषा तोकडी पडू लागली. मग ते ‘पायथन’कडे वळले. पायथनमध्ये जवळपास सर्व काही होते; मनाजोगे आलेख काढण्याची सोय तेवढी नव्हती.

२००२ च्या सुमारास त्यांनी ‘आयपायथन’चे कर्ते फर्नांडो पेरेझ यांच्याकडे आलेखासंबंधी एक सुधारणा धाडली. पेरेझ तेव्हा आपला प्रबंध पूर्ण करण्यात गढलेले होते. पुढील काही महिने ती तपासणे शक्य नसल्याचे त्यांनी कळवले. एखाद्याने विषय तिथेच सोडला असता. हंटर यांनी स्वतंत्रपणे कामाला आरंभ केला आणि २००३ मध्ये मॅटप्लॉटलिबची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. तिच्या आज्ञा त्यांनी जाणीवपूर्वक मॅटलॅबच्या धर्तीवर बेतल्या, जेणेकरून त्या भाषेत मुरलेल्या संशोधकाला नवे काही फारसे शिकावे लागू नये. या अनुकरणामुळे एकच काम करण्याच्या दोन रीती साधनात कायम राहिल्या आणि नवशिके आजही त्यात गोंधळतात. तरी त्याचा झपाट्याने प्रसार झाला तो याच सोयीमुळे, हे मान्य करावे लागते.

झटका ही स्थिर गोष्ट नव्हे. तो एका जागी सुरू होतो आणि पसरत जातो. छापील आलेखात ही हालचाल हरवते. आलेख हलता करावयाचा तर प्रत्येक क्षणी संपूर्ण चित्र पुन्हा रेखाटावे लागते आणि संगणक रेंगाळू लागतो. यावरची युक्ती साधी आहे: अक्ष, आकडे, शीर्षक अशी न बदलणारी पार्श्वभूमी एकदाच काढून जपून ठेवायची आणि प्रत्येक चौकटीत फक्त सरकणारी रेषा नव्याने उमटवायची. २०११ च्या १.१ या आवृत्तीत रायन मे यांनी हे तंत्र सामावून घेणारा स्वतंत्र विभागच जोडला. आता वापरणाऱ्याने एक फंक्शन लिहायचे. साधन ते चौकटीमागून चौकट चालवते आणि हवे तर चित्रफीतही तयार करून देते. दुहेरी लंबकाचे अनिश्चित हेलकावे अवघ्या काही ओळींत पडद्यावर झुलताना दिसतात ते यामुळेच.

साधन कोणीही, अगदी व्यापारी कंपन्यांनीही, मुक्तपणे वापरावे असा हंटर यांचा आग्रह होता. परवानाही त्यांनी तसाच निवडला. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटने ते लवकरच स्वीकारले आणि त्याच्या विकासाला आर्थिक पाठबळही दिले. २००८ मध्ये ‘फिनिक्स’ यान मंगळावर उतरत असताना त्याच्याकडून येणारी माहिती आलेखरूपात पाहण्यासाठी मॅटप्लॉटलिबच वापरले गेले. हंटर स्वतः मात्र पुढे शिकागोतील एका वित्तीय कंपनीत विश्लेषक म्हणून नोकरी करीत होते. ज्या कामाने त्यांचे नाव झाले, ते त्यांच्या उपजीविकेचे साधन नव्हते.

जुलै २०१२ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे ‘सायपाय’ परिषदेत त्यांनी बीजभाषण केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत कर्करोगाचे निदान झाले. उपचारांतून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे २८ ऑगस्ट २०१२ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे पत्नी व तीन मुली होत्या. मुलींच्या शिक्षणासाठी सहकाऱ्यांनी वर्गणीतून निधी उभा केला. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपला पहिला विशेष सेवा पुरस्कार त्यांना दिला.

एका माणसाच्या फावल्या वेळेवर उभे राहिलेले साधन त्याच्या पश्चात कोण सांभाळणार, हा प्रश्न तेव्हा खराच होता. मायकेल ड्रोएटबूम यांनी आणि त्यांच्यानंतर थॉमस कॅसवेल यांनी ती धुरा वाहिली. अशा मुक्त प्रकल्पांना आर्थिक आधार मिळावा म्हणून २०१२ मध्येच ‘नमफोकस’ ही संस्था स्थापन झाली होती आणि तिच्या पहिल्या संचालक मंडळात हंटर स्वतः होते. २०१९ मध्ये कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या शोधनिबंधात वापरलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत मॅटप्लॉटलिबचे नाव होते.