विश्लेषण : फारसीच्या प्राध्यापकाने मराठीतली फारसी का नाकारली? माधव जूलियन आणि न निघणारे ‘बद्दल’

परकी भाषा शिकताना शब्द लवकर पाठ होतात. अडते ते क्रियापदाबरोबर येणाऱ्या छोट्या अव्ययापाशी. स्पॅनिशमध्ये एखाद्याचे स्वप्न पाहायचे तर ‘सोन्यार’ या क्रियापदानंतर ‘कोन’ लागते आणि ‘कोन’चा नेहमीचा अर्थ आहे ‘सोबत’. असे का, याचे उत्तर शब्दकोशात मिळत नाही. फारसी शिकतानाही नेमकी हीच अडचण येते. ही भाषा अनेक वर्षे शिकवणारे आणि तिचा मराठी कोश करणारे कवी माधव जूलियन यांनी आयुष्याचा मोठा काळ कोल्हापुरात घालवला. पुढे तेच मराठीतून फारसी शब्द काढण्याच्या बाजूने उभे राहिले. हे कसे घडले?

कोण होते माधव जूलियन?

मूळ नाव माधव त्र्यंबक पटवर्धन. जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्याला. शिक्षण बडोदे आणि मुंबई येथे झाले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी फारसी शिकवली. १९२३ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळाचे ते प्रमुख कवी. ‘विरहतरंग’, ‘सुधारक’, ‘गज्जलांजलि’ ही त्यांची पुस्तके. फारसीतला गझल हा प्रकार मराठीत रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांनाच दिले जाते.

कोल्हापूरशी संबंध काय?

फर्ग्युसन सोडल्यानंतर काही वर्षांनी, १९२८ मध्ये, ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले आणि १९३९ पर्यंत तिथे प्राध्यापक होते. कादंबरीकार ना. सी. फडके हेही त्या काळात याच कॉलेजात शिकवत होते. उमर खय्यामच्या रुबायांचे अनुवाद, ‘गज्जलांजलि’ आणि ‘छंदोरचना’ या मराठी छंदशास्त्रावरच्या मोठ्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती ही कामे कोल्हापूरच्या वर्षांत प्रसिद्ध झाली. १९३६ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ मध्ये ‘छंदोरचने’साठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली.

फारसी शिकताना नेमके काय अडते?

मराठीत संबंध दाखवणारा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते : घरात, झाडावर, मित्राबरोबर. फारसीत, स्पॅनिशप्रमाणेच, ते नामाच्या आधी येते. ‘अज’ म्हणजे पासून, ‘दर’ म्हणजे आत, ‘बर’ म्हणजे वर, ‘बा’ म्हणजे सोबत, ‘बे’ म्हणजे विना. यादी छोटी आहे, एका दिवसात पाठ होते.

अवघड भाग पुढे आहे. आपण शिक्षकांना विचारतो. फारसीत ‘पुरसीदन’ म्हणजे विचारणे या क्रियापदाला ‘अज’ लागते, म्हणजे शिक्षकांपासून विचारायचे. हिंदीतले ‘से पूछना’ याच वळणाचे. आपण सापाला भितो. फारसीत सापापासून भितात. संस्कृतातही भीतीच्या कारणाला पंचमीच लागते. लग्नाच्या बाबतीत मात्र मराठी माणसाचे काम सोपे होते. आपण कुणाशी लग्न करतो, फारसीत ‘बा’ आणि स्पॅनिशमध्ये ‘कोन’ वापरतात. तिघांचा अर्थ सोबतीचाच. इथे इंग्रजीच्या वळणाने जाणारा चुकतो, कारण इंग्रजीत या जागी अव्ययच नसते.

त्यामुळे क्रियापद एकटे पाठ करून भागत नाही. त्याचे अव्यय आणि एक छोटे वाक्य सोबतच लक्षात ठेवावे लागते.

हे ज्ञान त्यांनी कशासाठी वापरले?

१९२५ मध्ये त्यांचा ‘फारसी-मराठी कोश’ प्रसिद्ध झाला. शिवकाल आणि पेशवाईतले असंख्य कागद फारसीमिश्रित मराठीत आहेत. ते वाचणाऱ्यांना अशा कोशाची गरज होती.

त्यानंतर उमर खय्याम. १९२९ मध्ये त्यांनी मूळ फारसीवरून रुबायांचा मराठी अनुवाद केला. १९३१ मधले ‘द्राक्षकन्या’ मात्र फिट्झजेराल्डच्या इंग्रजी रूपांतरावरून आले. एकच कवी त्यांनी दोन वाटांनी मराठीत आणला. मूळ फारसीच्या वाटेवर मध्ये इंग्रजी नव्हती; कोणता शब्द कोणाला कसा जोडला आहे, हे स्वतःच ओळखावे लागत होते.

मग भूमिका का बदलली?

त्यांच्या सुरुवातीच्या कवितेत फारसी शब्द मोकळेपणाने येतात. पुढच्या काळात, सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचा जोर असताना, ते या विचाराचे ठाम समर्थक झाले. १९३८ मध्ये त्यांचे ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक आले. परक्या शब्दांऐवजी स्वकीय शब्द वापरावेत, हा त्यांचा आग्रह होता.

विरोधाभास उघड होता. पण फारसीचा अभ्यास आणि मराठीतल्या फारसीला विरोध या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतातच असे नाही. जी भाषा बारकाईने येते, तिचा कोणता शब्द आपल्या घरात कधी शिरला, हेही तितकेच स्पष्ट दिसते.

ही शुद्धी कुठे अडते?

वस्तूंची आणि कचेरीतली नावे बदलता येतात. दिनांक, महापौर असे शब्द त्या चळवळीतून रुळलेच. अडचण जोडणाऱ्या शब्दांत आहे.

‘दरम्यान’मध्ये फारसी ‘दर’ आहे : मध्यात. ‘बरहुकूम’ म्हणजे हुकमावर, म्हणून हुकमाप्रमाणे. ‘बहाल’ म्हणजे मूळ हालतीत, पूर्ववत. ‘दरखास्त’ आणि ‘बरखास्त’ यांतले ‘खास्त’ मराठीत सारखे ऐकू येते. पण पहिले मागण्याच्या क्रियापदातून आले आहे, दुसरे उठण्याच्या. म्हणून दरखास्त मांडली जाते आणि सभा बरखास्त होते, म्हणजे उठते.

त्याहून खोलवर गेलेले शब्द म्हणजे बद्दल, बाबत, ऐवजी, शिवाय, मार्फत, खेरीज. हे सारे अरबी-फारसीतून आले आणि मराठीची शब्दयोगी अव्यये होऊन बसले. एखादी वस्तू सहज बदलता येते. सांधा बदलायचा तर सगळे वाक्य उकलावे लागते. ‘प्रतिदिन’ लिहिणाऱ्यालाही कुणाची काळजी सांगताना ‘बद्दल’ लागतेच. भाषा शिकणाऱ्याला जे सर्वांत उशिरा जमते, तेच भाषेतून सर्वांत उशिरा निघते.

पुढे काय झाले?

‘भाषाशुद्धि-विवेक’ आल्यानंतर पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, माधवराव पुण्यात वारले. वय अवघे ४५. या वादावर पुन्हा लिहायला त्यांना फारसा वेळ मिळाला नाही. त्यांचा शुद्धीचा आग्रह मराठीने अर्धाच मानला : काही नवे शब्द घेतले, जुने सांधे तसेच ठेवले. त्यातले फारसी सांधे कोणते, हे शोधायचे तर आजही त्यांचा १९२५ चा कोश उपयोगी पडतो.