करुण सुरांचे खाँसाहेब

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी लागली, की घरातली बोलणी आपोआप थांबतात. १८७२ साली कैराण्यात जन्मलेले खाँसाहेब पुढे मिरजेचेच झाले. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्यांतल्याच हिराबाई बडोदेकर. त्यानंतर खाँसाहेबांचा मुळातला नाजूक आवाज आणखी कातर झाला, असं जाणकार म्हणतात. मला ते पटतं.

१९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत तब्येत बिघडली. सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर उतरले. फलाटावरच दरबारीच्या सुरात अल्लाहचं नाव घेता घेता त्यांचा इंतकाल झाला, असं सांगतात. दफन मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात. आपल्या बुलढाण्यातले लोक जसे सैलानीला जातात, तसे गवई दरवर्षी तिथल्या उरुसाला जातात आणि गातात.