नाथांच्या घरातला मतभेद

ज्यांच्यावर आपले मनापासून प्रेम आहे, त्यांच्याशीच मतभेद झाला तर आपण काय करतो? आधी आपली बाजू पटवायला जातो आणि ती पटली नाही की अबोला धरतो. शांतिब्रह्म म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संत एकनाथांच्या घरीही असा प्रसंग आला होता.

नाथांचा जन्म १५३३ मधला, पैठणचा. आईवडील लहानपणीच गेले. आजी-आजोबांनी त्यांना वाढवले. देवगिरीला जनार्दनस्वामींची सेवा करून ते पैठणला परतले आणि गिरिजाबाईंसह त्यांनी संसार मांडला. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची मराठी टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. रोजचे कीर्तनही मराठीतच. शिवाशिव न मानता ते सर्वांना जवळ करीत.

मुलगा हरिपंडित शास्त्रांत पारंगत होता. वडिलांनी संस्कृत सोडून मराठीत निरूपण करावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्याला पटेना. एके दिवशी तो घर सोडून काशीला निघून गेला.

नाथांच्या चरित्रातला पुढचा भाग आपण नीट पाहू या. काही वर्षांनी नाथ स्वतः काशीला गेले. परत येण्यासाठी हरिपंडिताने दोन अटी घातल्या : मराठीत निरूपण करायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. पैठणला आता हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागला. श्रोते हळूहळू कमी झाले. तरी नाथांनी मुलाला एका शब्दाने टोचले नाही, की दिलेला शब्द मोडला नाही.

मग एक गरीब विधवा आली. सहस्रभोजनाचा तिचा संकल्प राहून गेला होता. नाथांसारखा एक ज्ञानी जेवला तरी तो पूर्ण होईल, अशी तिची श्रद्धा होती. नाथांनी मुलालाच विश्वासात घेतले. तिच्या घरी हरिपंडितानेच स्वयंपाक करावा, असे ठरले. म्हणजे मुलाचा नियमही राहिला आणि बाईचे मनही. जेवण झाल्यावर नाथांनी त्यालाच पान उचलायला सांगितले. एक उचलले तर खाली दुसरे, ते उचलले तर तिसरे; अशी हजार पाने निघाली, असे परंपरा सांगते. हरिपंडित वडिलांच्या पायांवर पडला. अटी आपोआप गळून पडल्या आणि वाड्यात पुन्हा मराठी कीर्तन सुरू झाले. १५९९ मध्ये, फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथांनी देह ठेवला.

चमत्कार क्षणभर बाजूला ठेवा. हरिपंडिताला वडिलांचे म्हणणे वादातून कधीच पटले नव्हते. ते पटले, ते स्वतःच्या हाताने पान उचलल्यावर. नाथांनी त्याला हरवले असते, तर तो गप्प बसला असता, बदलला नसता. शब्द पाळून त्यांनी विश्वास जपला, आणि त्या विश्वासामुळेच मुलाला मागे फिरणे सोपे गेले.

आज आपल्या घरात कोणाशी बोलणे थांबले आहे का? मग पहिले पाऊल आपणच टाकू या. त्यांची एखादी अट, आपले मन मोठे करून, मान्य करू या आणि ती प्रामाणिकपणे पाळू या. बदलायला वेळ लागेल. तेवढा वेळ देणे हीसुद्धा साधनाच आहे.