चार्ल्स केटरिंग : क्षणभराच्या शक्तीचा हिशेब

रात्री मोटार उभी करून मालक घराकडे वळतो, हातातील किल्लीवरचे बटण दाबतो आणि चारही दारांतून एकदम ‘खट्’ असा आवाज येतो. सेंट्रल लॉकिंग या नावाने ओळखली जाणारी ही सोय आज लहान मोटारींतही सर्रास आढळते. एकेकाळी प्रत्येक दाराची खुंटी हाताने दाबत मोटारीभोवती प्रदक्षिणा घालावी लागे, हे नव्या पिढीला ठाऊकही नसेल. त्या ‘खट्’ आवाजामागे प्रत्येक दाराच्या पोटात दडलेली बोटभर लांबीची एक विद्युत मोटर असते. इतक्या चिमुकल्या यंत्राकडून दणकट कुलूप ओढून घेण्याचे काम कसे करून घेता येते, या प्रश्नाच्या उत्तराशी एका अमेरिकन संशोधकाचे नाव जोडलेले आहे. ते नाव म्हणजे चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

केटरिंग यांनी दाराचे विजेवर चालणारे कुलूप शोधले, असे मात्र नव्हे. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९५६ च्या आपल्या मोटारींत अशी कुलुपे दिली, तेव्हा केटरिंग ऐंशीच्या घरात होते. परंतु मोटारीतील अशी प्रत्येक सोय ज्या दोन गोष्टींवर उभी आहे, त्या दोन्ही त्यांनी रुजवल्या. पहिली गोष्ट म्हणजे मोटारीत कायम भरलेली राहणारी बॅटरी. आणि दुसरी म्हणजे, काम क्षणभराचेच असेल तर लहान मोटरकडूनही मोठे काम करून घेता येते, हा विचार.

ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावानजीकच्या एका शेतावर २९ ऑगस्ट १८७६ रोजी केटरिंग यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे, राहणी साधी. बुद्धी तल्लख होती. पण दृष्टी अधू. थोडे वाचन झाले की डोके भणभणू लागे. तरीही शिक्षणाची ओढ दांडगी. काही काळ त्यांनी खेड्यातील शाळेत शिक्षकाची नोकरी केली आणि पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. मात्र डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले.

एखादा हताश झाला असता. केटरिंग यांनी दूरध्वनीच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम पत्करले. उन्हातान्हात खांब रोवणे, तारा ओढणे, बिघाड शोधणे असे ते श्रमाचे काम होते. पुस्तकापासून दूर गेल्याने डोळ्यांना विश्रांती मिळाली आणि वीज कशी वागते याचे प्रत्यक्ष ज्ञान हातांना झाले. याच काळात ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी त्यांची ओळख झाली. १९०५ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. तत्पूर्वी विद्यापीठात परत जाऊन केटरिंग यांनी १९०४ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली होती.

पदवी हाती येताच डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांना संशोधन विभागात नोकरी मिळाली. दुकानाच्या गल्ल्यावरील हिशेबाचे यंत्र, म्हणजे कॅश रजिस्टर, त्या काळी हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. ते विजेवर चालवण्याचे काम केटरिंग यांच्याकडे आले. अडचण उघड होती. रूढ गणिताने यंत्र फिरवण्याइतकी ताकदवान मोटर घ्यावी, तर ती गल्ल्याला पेलणार नाही इतकी मोठी होई.

केटरिंग यांनी गणिताच्या मुळालाच हात घातला. मोटर दिवसभर अखंड चालायची असेल, तर ती तापू नये म्हणून मोठी हवी, हे खरे. पण गल्ल्याची मोटर चालणार किती वेळ? गिऱ्हाईक आले, कळ दाबली, पेटी उघडली, संपले. एवढ्या अल्पावधीत लहान मोटरवर तिच्या नेहमीच्या कुवतीच्या कितीतरी पट भार टाकला, तरी ती जळण्याइतकी तापत नाही आणि पुढचे गिऱ्हाईक येईतो ती थंड झालेली असते. या विचारातून १९०६ मध्ये विजेवर चालणारे कॅश रजिस्टर आकाराला आले. यंत्राची ताकद किती, यापेक्षा ती किती वेळ लागणार आहे हे आधी विचारायचे, ही केटरिंग यांची खास दृष्टी येथे प्रथम दिसली.

त्याच कंपनीतील वरिष्ठ अधिकारी एडवर्ड डीड्स यांच्या प्रोत्साहनाने केटरिंग मोटारींकडे वळले. डीड्स यांच्या घरामागील तबेल्यात, कामावरून सुटल्यानंतर आणि सुट्टीच्या दिवशी, कंपनीतीलच काही सहकारी जमत. या मंडळींनी मोटारीच्या इंजिनात ठिणगी पाडणारी सुधारित प्रज्वलन यंत्रणा सिद्ध केली. कॅडिलॅक मोटार कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांना ती पसंत पडली आणि हजारो संचांची मागणी आली. १९०९ मध्ये केटरिंग आणि डीड्स यांनी डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन केली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांतून तयार झालेले ‘डेल्को’ हे नाव पुढे जगभर पसरले.

त्या काळी मोटार सुरू करणे हे धाडसाचे काम होते. इंजिनाच्या तोंडाशी लोखंडी हँडल अडकवून ते जोर लावून फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर हँडल हातातून निसटून मनगट किंवा हात मोडे. बायरन कार्टर या मोटार व्यावसायिकाचा मृत्यू अशाच फटक्याने झाला आणि त्याने व्यथित होऊन लेलँड यांनी हँडल हद्दपार करण्याचा निश्चय केला, अशी कथा मोटारींच्या इतिहासात सांगितली जाते. तिच्या तपशिलांविषयी मतभेद असले, तरी लेलँड यांनी हे काम केटरिंग यांच्याकडे सोपवले, याबद्दल दुमत नाही.

प्रश्न पुन्हा तोच होता. जड इंजिन फिरवण्याएवढी मोटर आणि तिला पुरेल एवढी बॅटरी मोटारीत बसवली, तर माणसांना जागा उरणार नाही, असे जाणकारांचे मत होते. केटरिंग यांना गल्ल्याचे यंत्र आठवले. इंजिन सुरू होण्यास काही क्षण पुरतात; तेवढ्यापुरते लहान मोटरला राबवायचे. त्यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. इंजिन सुरू झाले की त्याच मोटरला इंजिनाने फिरवायचे, म्हणजे ती जनित्र बनून बॅटरी पुन्हा भरून काढील. आणि त्याच बॅटरीवर ठिणगी पडेल, दिवे लागतील. सुरू करणे, वीज निर्माण करणे आणि प्रकाश देणे अशी एकसंध विद्युत व्यवस्था मोटारीला लाभली. फेब्रुवारी १९११ मध्ये ही यंत्रणा कॅडिलॅक मोटारीवर यशस्वी ठरली आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारी हँडलच्या जाचातून मुक्त होऊन रस्त्यावर आल्या. ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबची प्रतिष्ठेची डेवर ट्रॉफी कॅडिलॅकला या कामगिरीसाठी मिळाली. केटरिंग यांच्या नावे १९१५ मध्ये या शोधाचे पेटंट मंजूर झाले.

या शोधाचे सामाजिक परिणाम मोठे होते. बळकट दंड आणि आडदांड शरीर ही मोटार चालवण्याची पूर्वअट राहिली नाही. स्त्रिया, वृद्ध आणि अशक्त माणसे यांना पेट्रोलची मोटार एकट्याने सुरू करता येऊ लागली. त्याआधी हँडलच्या त्रासामुळे अनेक श्रीमंत घरांतील स्त्रिया बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी पसंत करीत. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा यांच्याकडेही तशी मोटार होती. सेल्फ स्टार्टर आला आणि त्या मोटारींचा एक मोठा आधार निखळला. आपल्याकडे आजही गाडी सुरू करण्याला ‘सेल्फ मारणे’ म्हणतात. मराठी बोलीत रुळलेल्या या शब्दप्रयोगाचे मूळ डेटनच्या त्या तबेल्यापर्यंत जाते.

दारांच्या कुलपांचे तंत्र याच वाटेवरचे. किल्लीवरचे बटण दाबले की सांकेतिक रेडिओ संदेश निघतो. मोटारीतील नियंत्रक तो ओळखतो आणि रिलेच्या द्वारे, म्हणजे विजेनेच उघडझाप होणाऱ्या खटक्याच्या द्वारे, प्रत्येक दारातील मोटरकडे प्रवाह सोडतो. मोटरची भरधाव गती दंतचक्रांच्या साखळीतून मंदावते आणि त्या प्रमाणात जोर वाढतो. शेवटच्या चक्रात अडकलेली दांडी पुढे सरकते आणि कुलपाची कळ ओढली जाते. प्रवाहाची दिशा उलटवली की मोटर उलटी फिरते आणि दार मोकळे होते. हे सारे सेकंदाहूनही कमी वेळात घडते आणि प्रवाह लगेच तोडला जातो. कुलूप लागलेले राहण्यासाठी विजेची गरज नसते. वीज लागते ती स्थिती बदलण्यापुरती. तोच प्रवाह मिनिटभर चालू राहिला, तर अडकून पडलेली मोटर जळून जाईल. वेळ मोजकी आहे म्हणूनच मोटर इवलीशी ठेवता येते. गल्ल्यावर सिद्ध झालेला हिशेब दाराच्या पोटात जसाच्या तसा आहे.

डेल्को कंपनी १९१६ मध्ये युनायटेड मोटर्सने विकत घेतली आणि १९१८ मध्ये ती जनरल मोटर्सच्या छत्राखाली आली. केटरिंग १९२० पासून १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. मोटारींचा रंग वाळण्यास पूर्वी कित्येक दिवस लागत. त्यांच्या काळात जलद वाळणारे रंग आल्याने तो वेळ तासांवर आला. रेल्वेसाठी हलके व कार्यक्षम डिझेल इंजिन घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अपयशही वाट्याला आले. तांब्याच्या पट्ट्यांनी हवेवर थंड होणारे इंजिन घेऊन १९२३ मध्ये आलेल्या शेव्हरले मोटारी कंपनीला परत बोलवाव्या लागल्या. मात्र त्यांच्या कारकिर्दीवरील खरा डाग वेगळाच आहे.

इंजिनात पेट्रोल अवेळी पेट घेऊन ठोके बसत. त्यावर उपाय शोधण्याचे काम केटरिंग यांचे सहकारी थॉमस मिजली करीत होते. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना आढळले, की शिशाचे एक संयुग अल्प प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळले, तर ठोके थांबतात. मद्यार्कानेही हा परिणाम साधतो, हे या दोघांना ठाऊक होते. पण शिसे स्वस्त पडे आणि त्याच्या पेटंटमधून नफाही मिळे. १९२३ मध्ये डेटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इथिल कंपनीचे अध्यक्षपद केटरिंग यांनी स्वीकारले. शिसे विषारी आहे, हे शतकानुशतके ज्ञात होते. मिजली स्वतः त्याच्या बाधेने आजारी पडले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्टावस्थेत दगावले.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांनी परिषद बोलावली. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या जाणत्या वैद्यकतज्ज्ञांनी धोक्याचा इशारा दिला. केटरिंग यांनी शिशाची बाजू मांडली. काही महिने थांबलेली विक्री १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि पुढील अर्धशतकाहून अधिक काळ जगभरातील मोटारींच्या धुरातून शिसे हवेत, मातीत आणि मुलांच्या रक्तात उतरत राहिले. मुलांच्या मेंदूवर त्याचे दुष्परिणाम होतात, हे सिद्ध होण्यास अनेक दशके जावी लागली. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. जगात अखेरीस अल्जीरियात, २०२१ मध्ये.

यंत्राचा प्रत्येक क्षण अचूक मोजणाऱ्या या माणसाने येथे तोच प्रश्न विचारला नाही. शिसे जळून नष्ट होत नाही, विघटनही पावत नाही. एकदा पसरले की पिढ्यान्‌पिढ्या राहते. किती वेळ लागणार, हा ज्यांचा हातखंडा प्रश्न, त्यांनी हे किती काळ टिकणार, याकडे पाठ फिरवली. प्रश्न सुचण्यासाठी बुद्धी लागते. तो आपल्याच लाभाच्या आड येत असताना विचारण्यासाठी आणखी काही लागते.

तरीही केटरिंग यांना केवळ दोषी ठरवून त्यांच्या आयुष्याचा निकाल लावता येत नाही. त्यांनी कमावलेली संपत्ती मोठ्या प्रमाणात शिक्षण आणि वैद्यकीय संशोधनाकडे वळवली. आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांच्या नावाने १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली स्लोन-केटरिंग संस्था कर्करोगावरील संशोधनात आजही अग्रगण्य मानली जाते. हिरव्या पानाला सूर्यप्रकाश कसा वापरता येतो, या कोड्याच्या अभ्यासालाही त्यांनी वर्षानुवर्षे पैसा पुरवला. त्यांच्या नावे १८० हून अधिक पेटंट होती. डेटनशेजारच्या एका शहराने १९५० च्या दशकात, त्यांच्या हयातीतच, त्यांचे नाव धारण केले.

पत्नी ऑलिव्ह यांचे १९४६ मध्ये निधन झाले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, केटरिंग यांनी डेटनजवळील आपल्या राहत्या घरी अखेरचा श्वास घेतला. पेट्रोलच्या पंपावर शिसे आता कोठेही मिळत नाही; पण रहदारीच्या जुन्या रस्त्यांलगतच्या मातीत ते अजून आहे. आणि रात्री दारांतून येणाऱ्या त्या ‘खट्’ आवाजात केटरिंग यांचा पहिला, निर्दोष हिशेबही अजून आहे. त्यांच्या वारशात या दोन्ही गोष्टी मोजाव्या लागतात.