सैन्याचा हिशेब मागणारा वकील

वाचकहो, कायद्याच्या ग्रंथांत आयुष्य घालविलेल्या माणसाने सैन्याच्या कारभारात लक्ष घालावे, हे आपणांस विचित्र वाटेल. सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी मात्र उतारवयात तेच केले. 1864 साली तंजावर जिल्ह्यात जन्मलेले हे गृहस्थ मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, उच्च न्यायालयातील नामांकित वकील. 1907 मध्ये ते ॲडव्होकेट जनरल झाले; पुढे गव्हर्नरांचे कार्यकारी मंडळ, मद्रास विद्यापीठाचे कुलगुरुपद, अशी पदे चालत आली.

1921 मध्ये ते मध्यवर्ती विधिमंडळात गेले, तेव्हाची स्थिती ध्यानात घ्या. मध्यवर्ती महसुलाचा निम्म्याच्या आसपास भाग सैन्यावर खर्च होई. परंतु त्यावर मत देण्याचा अधिकार सभासदांस नव्हता. कर प्रजेने भरावा, हिशेब मात्र विचारू नये! त्यातच लॉर्ड एशर यांच्या समितीने हिंदी सैन्यास साम्राज्याच्या सैन्याचा एक भाग मानले. शिवस्वामींनी वकिलाच्या चिकाटीने त्या अहवालाचा समाचार घेतला व मार्च 1921 मध्ये सभागृहापुढे ठरावांची मालिकाच मांडली. सैन्याचे काम देशाचे संरक्षण व अंतर्गत शांतता हे होय. अधिकारपदांसाठी निवडल्या जाणाऱ्यांपैकी निदान शेकडा 25 हिंदी असावेत. सँडहर्स्टसारखे विद्यालय येथेच निघावे. सभागृहाने ठराव संमत केले. लंडनने त्यांतील बरेचसे बाजूस सारले.

1923 मध्ये सरकारने केवळ आठ पलटणी हिंदी अधिकाऱ्यांसाठी राखून ठेवल्या. गोऱ्या अधिकाऱ्यास हिंदी वरिष्ठाच्या हाताखाली राहावे लागू नये, एवढीच काळजी त्यात दिसते.

शिवस्वामी नेमस्त पंथाचे. 1926 च्या अकोला येथील लिबरल फेडरेशनच्या अधिवेशनाचे तेच अध्यक्ष होते. नेमस्त म्हणजे मिळमिळीत, अशी आपली समजूत असते. पण 1931 मध्ये सरसेनापती चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली सैनिकी विद्यालयाची समिती बसली, तेव्हा तीत बसूनही त्यांनी ग्वाल्हेरच्या मेजर जनरल राजवाडे यांच्यासह भिन्नमत नोंदविले. पुढल्याच वर्षी डेहराडूनचे विद्यालय उघडले.

मैलापूरमधील मुलींच्या ज्या शाळेस त्यांनी सढळ हाताने साहाय्य केले, ती त्यांच्या पत्नीच्या नावाने चालते. 5 नोव्हेंबर 1946 रोजी ते वारले. सैन्याचे सरसेनापतिपद हिंदी माणसाकडे, जनरल करिअप्पांकडे, आले ते 15 जानेवारी 1949 रोजी.