समजून घ्या : मणका मोडला म्हणजे आयुष्य संपलं का? डॉ. गुटमन यांनी हे उत्तर कसं बदललं?

कधी शेडच्या पत्र्यावरून, कधी टाकीच्या शिडीवरून, तर कधी ताडाच्या झाडावरून माणूस खाली कोसळतो. तारापूर एमआयडीसी आणि पाम, सालवड, कोलवडेसारख्या आसपासच्या गावांना ही भीती नवी नाही. मज्जारज्जूला इजा झाली की कमरेखालची ताकद जाते. ऑपरेशन होतं, डिस्चार्ज मिळतो. पण पुढे काय? याच प्रश्नावर हयात घालवणाऱ्या डॉ. लुडविग गुटमन यांची ही गोष्ट.

सुरुवात एका खाणकामगारापासून

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तेव्हाच्या जर्मनीत, ज्यू कुटुंबात झाला. १९१७ मध्ये ते एका रुग्णालयात मदतनीस होते. तिथे पाठ मोडलेला तरणाबांड खाणकामगार आला. तो काही आठवडेच जगेल, असं डॉक्टरांनी गृहीत धरलं होतं आणि तसंच झालं. मात्र त्याचा जीव मोडलेल्या हाडाने घेतला नाही. तो घेतला बेडसोअर आणि लघवीच्या संसर्गाने. म्हणजे टाळता येण्याजोग्या गोष्टींनी.

पुढे गुटमन नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ झाले. नाझी राजवटीत ज्यू डॉक्टरांवर बंधनं आली. नोव्हेंबर १९३८ च्या हिंसाचारात त्यांनी अनेक ज्यूंना रुग्ण म्हणून दाखल करून घेत वाचवलं. १९३९ मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला गेले.

स्टोक मँडेव्हिलमध्ये काय केलं?

१ फेब्रुवारी १९४४ रोजी जखमी सैनिकांसाठी तिथे विभाग सुरू झाला. गुटमन यांचे उपाय साधे, पण शिस्त कडक होती :

- दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा.
- लघवीची नळी निर्जंतुक पद्धतीने वापरायची.
- रुग्णाला पडून ठेवायचं नाही. व्यायाम, सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, खेळ यांत गुंतवायचं.

२९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी रुग्णालयाच्या हिरवळीवर व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा झाली. १९६० मध्ये रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. हीच पहिली पॅरालिम्पिक मानली जाते. १९६६ मध्ये गुटमन यांना 'सर' किताब मिळाला. १८ मार्च १९८० रोजी त्यांचं निधन झालं.

महाराष्ट्राशी नातं काय?

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. पुण्यात खडकी इथे १९७४ पासून मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे.

मग कामगाराचं काय?

खरी दरी इथेच आहे. गुटमन यांच्या मनात प्रश्न पेरला तो खाणकामगाराने, पण यंत्रणा आधी उभी राहिली सैनिकांसाठी. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. बोईसरहून ती सुमारे शंभर किलोमीटरवर. पाय हलत नसलेल्या माणसाला घेऊन लोकल पकडायची की गाडी भाड्याने करायची? सोबत येणाऱ्याचा रोजही बुडतो. दोन खेपांनंतर अनेक घरांत उपचार थांबू शकतात ते याच हिशेबामुळे.

ईएसआयसीत नोंद असलेल्या कामगाराला कामावरच्या अपघातानंतर उपचार आणि अपंगत्व लाभ मिळतो. ठेकेदाराकडच्या, हातात कागद नसलेल्या मजुराला आधी आपण कामगार होतो हेच सिद्ध करावं लागतं. ताडावरून पडलेल्याला तर ही वाटही नाही.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

- पडलेल्याला हात-पाय धरून उचलू नका. मान-पाठ सरळ ठेवून फळीवर न्या.
- घरी आल्यावर कूस बदलण्याची वेळ पाळा. पाठ, माकडहाड, टाचा रोज तपासा. लालसर डाग दिसला तर त्यावर भार येऊ देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.
- ताप आला किंवा लघवी गढूळ झाली तर थांबू नका.
- डिस्चार्जच्या वेळीच पुनर्वसनासाठी कुठे जायचं, हे लेखी मागा.

१९१७ मधला तो खाणकामगार उपचारच माहीत नसल्याने गेला. आज उपचार माहीत आहे. तो बोईसरच्या शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचवणं, एवढंच काम उरलं आहे. आणि तेच सर्वात मोठं आहे.