विश्लेषण : देवावर श्रद्धा, तरीही नैराश्य, कवी विल्यम कूपर यांच्या आजारपणाची आणि उपचारांची गोष्ट

लंडनमधील ३२ वर्षांच्या एका वकिलाला १७६३ च्या डिसेंबरमध्ये सेंट ऑल्बन्स येथील एका खासगी मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. दीड वर्षाने तो तिथून बाहेर पडला. पुढे हाच रुग्ण इंग्रजीतील आघाडीचा कवी झाला, त्याची ख्रिस्ती भक्तिगीते जगभरच्या चर्चमध्ये गेली. आजार मात्र पूर्ण गेला नाही. तो पुन्हा पुन्हा परतला. ‘प्रार्थना की डॉक्टर’ हा प्रश्न विल्यम कूपर यांच्या आयुष्यात प्रत्येक वेळी वेगळ्या रूपात उभा राहिला.

कूपर कोण होते?

इंग्रजी स्पेलिंग पाहून अनेक जण ‘कॉवपर’ म्हणतात, पण कुटुंबातला उच्चार कूपर असाच होता. जन्म १७३१ चा, हर्टफर्डशायरमधील बर्कमस्टेड गावचा. वडील तिथल्या चर्चचे धर्मगुरू. विल्यम सहा वर्षांचा होण्याआधीच बाळंतपणानंतर आई गेली. भावंडांपैकी तो आणि धाकटा जॉन असे दोघेच जगले. आईच्या मृत्यूनंतर विल्यमला निवासी शाळेत धाडले गेले. तिथे एका मोठ्या मुलाने त्याचा इतका छळ केला की वर मान करून त्याच्या चेहऱ्याकडे बघायचीही हिंमत होत नसे. त्या मुलाला तो बुटांच्या बकलांवरून ओळखायचा, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

नंतर लंडनची नामांकित वेस्टमिन्स्टर शाळा आणि मग घरच्यांनी ठरवलेली वकिली. थिओडोरा या चुलत बहिणीवर त्यांचे प्रेम होते, पण तिच्या वडिलांनी लग्नाला नकार दिला. तिनेही पुढे कधी लग्न केले नाही.

नैराश्याचा पहिला झटका विशीच्या सुरुवातीला, लंडनमध्ये एकट्याने राहताना आला. मन कशातच लागेना. काही महिन्यांनी मित्रांसोबत ते साउथम्प्टनला समुद्राकाठी राहायला गेले. एका लख्ख दिवशी तिथे बसले असताना मनावरचे ओझे अचानक उतरले. त्या काळात त्यांनी स्वतःसाठी प्रार्थना लिहिल्या होत्या. बरे वाटताच त्या जाळून टाकल्या आणि हा सगळा हवापालटाचा गुण आहे असे ठरवले. पुढे धार्मिक झाल्यावर मात्र याच विचाराबद्दल त्यांनी स्वतःला दोषी धरले. देवाने केलेले काम आपण हवेच्या नावावर टाकले, हे त्यांना पाप वाटले. दोन्ही खरे असू शकते, हे तेव्हा त्यांच्या मनातही आले नसावे.

१७६३ मध्ये काय घडले?

नात्यातल्या एका वजनदार माणसाने त्यांना हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये कामकाजाच्या नोंदी ठेवणाऱ्या लिपिकाची नोकरी देऊ केली. निवांत काम, बरा पगार. पण नेमणुकीला विरोध झाला आणि सभागृहापुढे तोंडी परीक्षा द्यावी लागेल असे ठरले. चारचौघांत उभे राहून बोलायचे, या कल्पनेनेच कूपर यांचा धीर सुटला. तयारीसाठी ते रोज कचेरीत जात, नोंदवह्या उघडत, पण वाचलेले डोक्यात शिरत नसे. परीक्षेच्या आधी आपल्याला वेड लागावे म्हणजे सुटका होईल, इथपर्यंत विचार गेला.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा त्यांनी आयुष्य संपवण्याचे प्रयत्न केले. ते फसले. नोकरीचा विषय तिथेच संपला, पण त्रास वाढला. आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे क्षमा नसलेले पाप, आता आपण कायमचे नरकाचे धनी, असे त्यांना वाटू लागले. समाजाचे नियमही त्याच बाजूचे होते. इंग्लंडमध्ये आत्महत्या हा गुन्हा होता आणि तो कायद्यातून जायला १९६१ साल उजाडावे लागले. (असे विचार मनात येत असतील तर भारतात ‘टेली मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलता येते.)

नातलगांनी दोन गोष्टी केल्या. मार्टिन मॅडन हे त्यांचे आतेभाऊ धर्मोपदेशक होते. त्यांनी येऊन ख्रिस्ताच्या क्षमेबद्दल समजावले. कूपर यांना थोडे हलके वाटले. पण दुसऱ्या दिवशी प्रकृती आणखी बिघडली. तेव्हा केंब्रिजहून आलेला भाऊ जॉन आणि इतर नातलगांनी त्यांना डॉक्टरकडे नेण्याचा निर्णय घेतला. मॅडन यांचा उपदेश चुकीचा होता असे नव्हे. ऐकणाऱ्याचे मन तो धरून ठेवण्याच्या अवस्थेत नव्हते.

डॉ. कॉटन यांच्याकडे उपचार कसे झाले?

तेव्हा मनोरुग्णालय म्हटले की लंडनचे ‘बेडलम’ डोळ्यांसमोर येई. तिथे लोक करमणूक म्हणून रुग्ण पाहायला जात. मनोविकारांवर उपचार होऊ शकतात, असे मांडणारे डॉ. विल्यम बॅटी यांचे पुस्तक १७५८ मध्ये, म्हणजे जेमतेम पाच वर्षांपूर्वी, आले होते. नैराश्यावरची आजची औषधे यायला अजून दोनशे वर्षे होती. रक्त काढणे, जुलाब देणे हीच नेहमीची चिकित्सा.

नथॅनियल कॉटन यांचे रुग्णालय मात्र लहान, घरासारखे होते. कॉटन यांनी हॉलंडमधील लायडन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. ते स्वतः कविता लिहीत, आणि मनापासून धार्मिक होते. सुरुवातीचे काही महिने कूपर यांच्या जिवाला जपणे हेच मुख्य काम होते. आपल्याला शिक्षा होणार, या भीतीत ते दिवस काढत होते. हळूहळू जेवण-झोप रुळावर आली. कॉटन यांच्याशी गप्पा होऊ लागल्या, विनोदी किस्सेही निघू लागले.

दाखल झाल्यावर साधारण सात-आठ महिन्यांनी, १७६४ च्या उन्हाळ्यात, भाऊ भेटून गेला आणि मन आणखी मोकळे झाले. त्याच सुमारास कूपर यांनी बायबल उघडले. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील क्षमेविषयीचे वचन समोर आले आणि आपल्यालाही क्षमा आहे, असे त्यांना पहिल्यांदा खात्रीने वाटले. आनंदाने डोळे भरून आले, बोलता येईना.

यावर कॉटन यांनी काय केले, हा या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. त्यांचा रुग्ण त्यांच्याच श्रद्धेकडे वळला होता. तरी त्यांना आधी काळजी वाटली. इतक्या खोल निराशेतून एकदम इतका आनंद, हे आजाराचेच नवे वळण तर नाही? त्यांनी लक्ष ठेवले. स्थिती टिकते आहे याची खात्री पटल्यावर ते रोज सकाळी कूपर यांच्याशी बायबलवर बोलू लागले. आणि घरी? लगेच सोडले नाही. कूपर आणखी जवळपास वर्षभर, १७६५ च्या जूनपर्यंत तिथेच राहिले. निघताना रुग्णालयातला सॅम रॉबर्ट्स हा सेवक त्यांच्यासोबत गेला. उपचारांचा खर्च मोठा होता, पुढेही नातलगांच्या मदतीवरच त्यांचे भागले.

न्यूटन यांची भेट आणि १७७३ चे आजारपण

हंटिंग्डन गावी कूपर यांची अनविन कुटुंबाशी ओळख झाली आणि ते त्यांच्याच घरी राहू लागले. १७६७ मध्ये घोड्यावरून पडून घरधनी मॉर्ले अनविन वारले. त्यानंतर त्यांची पत्नी मेरी आणि कूपर बकिंगहॅमशायरमधील ओल्नी गावी आले. तिथले धर्मगुरू होते जॉन न्यूटन. एके काळी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचा कप्तान आणि पुढे ‘अमेझिंग ग्रेस’ या गीताचा कर्ता, ते हेच. दोघांनी मिळून गावातल्या प्रार्थनासभेसाठी गीते रचली. १७७९ मध्ये निघालेल्या ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहात ३४८ गीते आहेत. त्यातील साठहून अधिक कूपर यांची.

१ जानेवारी १७७३ रोजी न्यूटन यांनी नववर्षाचे प्रवचन दिले. ‘अमेझिंग ग्रेस’ त्याच प्रवचनासाठी लिहिले गेले, असे मानले जाते. त्याच सुमारास कूपर यांना आजार परत येत असल्याची चाहूल लागली. काही आठवड्यांनी त्यांना एक स्वप्न पडले. आपल्यासाठी सारे संपले, देवाने आपल्याला कायमचे नाकारले, असा निवाडा त्यांनी स्वप्नात ऐकला आणि तो मरेपर्यंत खरा मानला. त्यानंतर ते चर्चमध्ये उपासनेला गेले नाहीत. दुसऱ्या कोणाच्या तारणाबद्दल त्यांना शंका नव्हती. अपवाद फक्त आपला, असे त्यांचे म्हणणे.

न्यूटन आणि मेरी अनविन यांनी त्यांची सेवा करण्यात कसूर केली नाही. कूपर यांनी न्यूटन यांच्या घरी राहण्याचा हट्ट धरला आणि ते तिथे वर्षाहून अधिक काळ राहिले. पण हा सैतानाचा हल्ला आहे आणि देवच यातून सोडवील, या समजुतीत कित्येक महिने गेले. डॉ. कॉटन यांचा सल्ला घेतला गेला तो उशिरा. दहा वर्षांपूर्वी ज्या डॉक्टरांकडे हा माणूस बरा झाला होता, ते हयात होते आणि पत्ताही माहीत होता. ऑक्टोबरमध्ये कूपर यांनी पुन्हा जीव देण्याचा प्रयत्न केला. अब्राहामाला इसहाकचा बळी मागितला गेला तसा देव आपला बळी मागतो आहे, असे त्यांना वाटत होते. प्रयत्न फसल्यावर देवाची आज्ञा मोडल्याचा नवा अपराध त्यांनी स्वतःच्या माथी घेतला.

धर्मामुळेच आजार झाला का?

पुढच्या काळातल्या अनेक लेखकांनी न्यूटन यांच्या कडक धर्ममताला दोष दिला. पण तारखा पाहिल्या तर हा आरोप टिकत नाही. पहिला झटका न्यूटन यांच्या भेटीआधी दहाहून अधिक वर्षे येऊन गेला होता; १७६३ चा मोठा झटकाही आधीचाच. आईचा मृत्यू, शाळेतला छळ, कोणासमोर उभे राहण्याची धास्ती हे सगळे त्याहून जुने. आजाराने बोलण्यासाठी जवळची भाषा उचलली आणि धर्मगुरूच्या मुलाजवळ ती पाप-शिक्षेची होती, असे म्हणणे अधिक पटते. न्यूटन यांची चूक वेगळी आणि साधी होती. त्यांनी त्या भाषेलाच आजार समजले.

ससे, बाग आणि कविता

१७७४ नंतर कूपर यांनी स्वतःच एक दिनक्रम शोधला. शेजाऱ्यांकडून मिळालेले तीन ससे पाळले; पस, टायनी आणि बेस. तिघेही नर, तरी शेवटच्याला नाव मुलीचे! पस जवळपास १२ वर्षे जगला. या सशांवर कूपर यांनी १७८४ मध्ये ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये लेखही लिहिला. सुतारकाम, काचेच्या छपराखाली भाज्या, चित्रकला असे एकेक करून झाले. रिकामा वेळ आपल्याला गिळतो आणि हाताला काम असले की निभावते, हे त्यांनी मित्रांना पत्रांतून पुन्हा पुन्हा कळवले.

मेरी अनविन यांनी लिहा म्हणून मागे लागून त्यांना कवितेकडे वळवले. पन्नाशीत, १७८२ मध्ये पहिला स्वतंत्र संग्रह आला. उधळलेल्या घोड्यावर बसून फजिती झालेल्या कापडविक्याची ‘जॉन गिल्पिन’ ही विनोदी कविताही त्याच वर्षाची. एका रात्री निराश बसले असताना शेजारच्या लेडी ऑस्टिन यांनी त्यांना हा किस्सा सांगितला होता. १७८५ मधील ‘द टास्क’ने त्यांना देशभर नाव दिले. कादंबरीकार जेन ऑस्टिन यांचे ते आवडते कवी होते. या सगळ्या काळात कूपर स्वतःला देवाने टाकलेला माणूसच मानत होते. १७८७ मध्ये पुन्हा सहा महिने वाईट गेले.

शेवटची वर्षे

डिसेंबर १७९१ मध्ये मेरी अनविन यांना पक्षाघात झाला. ज्या बाईने वीस वर्षे सांभाळले तिला आता सांभाळायची वेळ आली आणि कूपर खचले. याच काळात सॅम्युएल टीडन हा ओल्नीचा शाळामास्तर त्यांच्या आयुष्यात मोठा झाला. आपल्याला देवाकडून संदेश येतात, असे तो सांगे. कूपर त्याला आपली स्वप्ने, कानी येणारे आवाज पत्राने कळवत, तो अर्थ लावून पाठवी आणि त्याला पैसेही मिळत. हा प्रकार मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. टीडनचे संदेश आशेचे असत, पण त्यांनी आजार तसूभरही हलला नाही.

कवीचे मित्र विल्यम हेली यांनी दुसरा मार्ग धरला. राजे तिसरे जॉर्ज यांच्यावर १७८८-८९ मध्ये उपचार करणारे डॉ. फ्रान्सिस विलिस यांना त्यांनी गाठले. विलिस हे स्वतः दीक्षा घेतलेले धर्मगुरूही होते. हेली यांच्याच खटपटीने १७९४ मध्ये कूपर यांना राजाकडून वर्षाला ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर झाले. पण तोवर फार उशीर झाला होता. १७९५ मध्ये जॉन जॉन्सन या तरुण नातलगाने दोघांना नॉरफोकला नेले. मेरी १७९६ मध्ये गेल्या. समुद्रात पडून मागे राहिलेल्या खलाशावरची ‘द कास्टअवे’ ही कविता कूपर यांनी १७९९ मध्ये लिहिली आणि २५ एप्रिल १८०० रोजी ईस्ट डिअरहॅम येथे त्यांचे निधन झाले. मन निवल्याची कोणतीही खूण त्यांनी अखेरपर्यंत दिली नाही.

आजार का लपवला गेला?

थिओडोराची बहीण लेडी हेस्केथ यांनी कूपर यांना मदत केली होती. वेडाचा आणि रुग्णालयाचा उल्लेख चरित्रात येऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. १८०३ मध्ये आलेल्या हेली यांच्या चरित्रात तो भाग झाकलेलाच राहिला. सॅम्युएल ग्रेटहेड या धर्मोपदेशकाने कूपर यांच्या निधनानंतर ओल्नीत दिलेल्या प्रवचनात आजाराबद्दल उघड बोलणे केले, तेव्हा त्या संतापल्या.

कूपर यांना स्वतःला ही लाज नव्हती. रुग्णालयातून आल्यावर दोन-तीन वर्षांतच त्यांनी सगळे लिहून काढले होते. नोकरीची भीती, जीव देण्याचे प्रयत्न, सेंट ऑल्बन्समधले महिने आणि डॉ. कॉटन यांचे नाव. ते आत्मकथन १८१६ मध्ये छापले गेले.